पार्श्वभूमी : लेस्टरचे गुजराती, ब्रॅडफर्डचे मीरपुरी

ब्रिटनमधल्या स्थलांतरितांचा विषय निघाला की एक तुलना हमखास होते. गुजराती हात हलवत आले आणि दहा-पंधरा वर्षांत दुकानं, घरं, कारखाने उभे करून बसले. पाकिस्तानी मात्र पन्नास वर्षं झाली तरी टॅक्सीच चालवतात. पुढचं वाक्य ठरलेलं असतं : रक्तातच असावं लागतं ते. कोणी रक्ताऐवजी धर्म म्हणतं. एवढं बोलून झालं की चर्चा मिटते.

तुलना अगदीच हवेतली नाही. शाळेतले निकाल, नोकरीत असलेल्यांचं प्रमाण, घरातलं उत्पन्न अशा बहुतेक बाबतींत ब्रिटनच्या सरकारी आकड्यांत भारतीय वंशाचे लोक देशाच्या सरासरीच्या वर दिसतात आणि पाकिस्तानी वंशाचे खाली. पण हे रकाने फार ढोबळ आहेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये भारतीय वंशाचे सुमारे १९ लाख आणि पाकिस्तानी वंशाचे सुमारे १६ लाख लोक मोजले गेले. त्या १९ लाखांत सरकारी रुग्णालयांतले डॉक्टर आहेत, ओतशाळांत राबलेल्या पंजाबी शिखांची नातवंडं आहेत, आणि पुण्या-हैदराबादहून कंपनीच्या व्हिसावर गेलेले आयटीवालेही आहेत. या शेवटच्या मंडळींनी गेल्या पंचवीस वर्षांत 'भारतीय' सरासरी चांगलीच वर ओढली. त्यांचा पगार मोजून त्याचं श्रेय १९७२ मध्ये युगांडातून हाकलल्या गेलेल्या निर्वासितांना द्यायचं म्हणजे गफलतच.

म्हणून देशांची तुलना बाजूला ठेवून दोन शहरं घेतलेली बरी. मध्य इंग्लंडातलं लेस्टर, जिथे २०२१ मध्ये ३४ टक्के लोकांनी आपला वंश भारतीय नोंदवला. त्यांतले बरेचसे गुजराती, आणि त्यांतही मोठा गट पूर्व आफ्रिकेतून आलेला. दुसरं उत्तरेकडचं यॉर्कशरमधलं ब्रॅडफर्ड. तिथे साधारण दर चार माणसांमागे एक पाकिस्तानी वंशाचा, आणि त्यांतले बहुसंख्य मीरपूर या एका जिल्ह्यातले किंवा त्याच्या आजूबाजूचे. दोन्हीकडचे लोक दक्षिण आशियाई, दोन्हीकडची मोठी वस्ती १९६० आणि ७० च्या दशकांतली, दोघांनाही सुरुवातीला कारखान्यातच काम मिळालं. तरी पुढचे रस्ते वेगळे झाले. का झाले ते पाहायला दोघांच्याही गावापासून सुरुवात करावी लागते.

बोटीच्या पोटातले आगवाले

मीरपूर हा जम्मू-काश्मीर संस्थानाचा पश्चिमेकडचा कोपरा. आज तो पाकव्याप्त काश्मीरमध्ये येतो. पण काश्मीर म्हटल्यावर डोळ्यांसमोर येतं तसं इथे काही नाही. कोरड्या टेकड्या, पावसाच्या पाण्यावरची शेती, आणि दर पिढीत वाटण्या होऊन लहान होत गेलेले तुकडे. भाषा पहाडी-पोठवारी, काश्मिरी नव्हे. झेलम नदीतून पंजाबच्या मैदानात माल नेणाऱ्या नावा हा इथल्या लोकांचा जुना जोडधंदा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पंजाबात रेल्वे पसरली आणि नावाड्यांचं काम गेलं. पाण्यावर वावरायची सवय असलेले हे लोक मग कराची आणि मुंबईच्या गोदीत पोचले.

ब्रिटिश आगबोटींवर कामाची वाटणी माणसाचं गाव बघून होत असे. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींवर डेकवर रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान आणि काठियावाडचे खारवे. प्रवाशांच्या जेवणखाणाची सरबराई गोव्याच्या लोकांकडे. आणि तळातल्या इंजिनखोलीत कोळसा ओढणारे, भट्टी पेटती ठेवणारे 'आगवाले' पंजाब, सरहद्द आणि मीरपूरकडचे. सर्वांत वाईट काम तेच. उष्णता असह्य, पगार गोऱ्या खलाशाच्या मानाने अगदी कमी. पण त्यामुळे मीरपूरच्या शेकडो घरांत कोणी ना कोणी लंडन, कार्डिफ, साउथ शील्ड्सची गोदी पाहिलेला होता. काहींनी बोट सोडून तिथेच मुक्काम ठोकला, दुसऱ्या महायुद्धात तिथल्या कारखान्यांत कामाला लागले. पुढच्या सगळ्या स्थलांतराची साखळी या मूठभर माणसांपासून सुरू होते. फाळणीनंतर मुंबईची वाट बंद झाली, कोळशाच्या जागी तेलाची इंजिनं आली, आणि ब्रिटनमध्ये आधीच असलेल्या चुलत्या-मामाचा पत्ता हाच खरा आधार उरला.

इथे आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी, कारण ती सहसा सुटते. १९४७ पूर्वी मीरपूर शहरात हिंदू-शीख व्यापाऱ्यांची मोठी वस्ती होती. नोव्हेंबर १९४७ मध्ये तिथे भीषण कत्तल झाली. वाचले ते जम्मूकडे निर्वासित म्हणून गेले आणि त्यांचे वंशज आजही तिथे आहेत. म्हणजे मीरपूरच्या समाजातला सावकारी-दुकानदारीचा थर त्या एका महिन्यात नाहीसा झाला. मागे उरला तो मुख्यतः शेतकरी. ब्रॅडफर्डच्या मीरपुऱ्यांची लेस्टरच्या व्यापारी गुजरात्यांशी तुलना करताना आपण एका समाजाचा शेतकरी आणि दुसऱ्या समाजाचा वाणी समोरासमोर ठेवतो, हे विसरून चालत नाही.

मग आलं मंगला धरण. सप्टेंबर १९६० मध्ये कराचीत नेहरू आणि अयूब खान यांनी सिंधू पाणी करारावर सह्या केल्या. पूर्वेकडच्या तीन नद्या भारताला, पश्चिमेकडच्या तीन पाकिस्तानला अशी वाटणी झाली, आणि पाकिस्तानच्या बाजूची पाण्याची सोय करण्यासाठी झेलमवर मंगलाचं मोठं धरण बांधायचं ठरलं. १९६७ मध्ये ते पूर्ण झालं. जुनं मीरपूर शहर आणि अडीचशेहून जास्त गावं पाण्याखाली गेली, एक लाखाच्या आसपास माणसं उठली. पाणी उतरतं तेव्हा जुन्या शहरातल्या देवळांची शिखरं आणि दर्गे आजही वर येतात. काही विस्थापितांना पंजाबात जमिनी मिळाल्या, काहींना रोख भरपाई. ज्यांचे नातेवाईक इंग्लंडात होते त्यांनी भरपाईचे पैसे तिकिटाला लावले.

धरणामुळेच मीरपुरी ब्रिटनला गेले असं सरसकट सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. जाणं आधीपासून सुरू होतं. धरणाने त्याला जोर दिला. त्याहून मोठा परिणाम, माझ्या मते, लंडनच्या एका कायद्याने केला.

रात्रपाळीचं शहर

ब्रॅडफर्ड म्हणजे लोकर. एकोणिसाव्या शतकात जगातल्या लोकरीच्या धंद्याची राजधानी म्हणावी असं हे गाव. दुसऱ्या महायुद्धानंतर गिरणीमालकांनी नवी, महागडी यंत्रं आणली. ती परवडायची तर चोवीस तास चालायला हवीत. बायकांना रात्री कामाला लावायला कारखाना कायद्याची आडकाठी, आणि स्थानिक पुरुषांना रात्रपाळी नको. लोकर विंचरण्याच्या खात्यात रात्रपाळी करायला पाकिस्तानातून आलेले पुरुष मिळाले. बारा-बारा तासांच्या पाळ्या, धूळ, कानठळ्या बसवणारा आवाज. इंग्रजी येण्याची गरजच नाही, कारण पाळीवर आजूबाजूला सगळे आपलेच.

गिरणगावातल्या गाळ्यांची आठवण यावी अशी त्यांची राहणी होती. एका घरात दहा-बारा पुरुष, दिवसपाळीवाला उठला की त्याच अंथरुणावर रात्रपाळीवाला झोपणार. सगळ्यांचं लक्ष गावी पाठवायच्या पैशांवर. चार वर्षं राबायचं, घर बांधण्यापुरतं जमवायचं, परत जायचं आणि आपल्या जागी धाकट्या भावाला पाठवायचं, असा हिशेब. कुटुंब आणायचा विचार बहुतेकांच्या मनात नव्हता.

कॉमनवेल्थ इमिग्रंट्स अ‍ॅक्टने हा हिशेब मोडला. १ जुलै १९६२ पासून तो लागू झाला. त्याआधी कॉमनवेल्थमधला, म्हणजे आजी-माजी ब्रिटिश वसाहतींतला माणूस पासपोर्ट काढून सरळ ब्रिटनमध्ये येऊ शकत होता. आता कामाचं व्हाउचर लागणार होतं. दार बंद होणार म्हटल्यावर १९६१ आणि १९६२ च्या पहिल्या सहा महिन्यांत माणसांची रीघ लागली. जे आत होते ते अडकले : परत गेलं तर पुन्हा येता येईल याची खात्री नाही, आणि भावाला जागा देता येत नाही. मात्र बायका-मुलांना आणण्याची मुभा कायद्यात होती. मग १९७० च्या दशकात हळूहळू कुटुंबं येऊ लागली. स्थलांतर थांबवण्यासाठी केलेल्या कायद्याने ये-जा करणाऱ्या मजुरांना कायमचे रहिवासी बनवलं. अशी उलटी फळं ब्रिटनच्या स्थलांतर कायद्यांना बऱ्याचदा लागली आहेत.

कुटुंबं आली तेव्हा घराचा प्रश्न आला. सरकारी घरांच्या यादीत नंबर लागायला वर्षं जात, आणि गोरे घरमालक भाड्याने देत नसत. बिरादरीतल्या लोकांनी पैसे एकत्र करून मॅनिंगहॅमसारख्या जुन्या भागांत गिरणीजवळच्या चाळवजा घरांच्या रांगा विकत घेतल्या. म्हणून मीरपुऱ्यांमध्ये स्वतःचं घर असलेल्यांचं प्रमाण पहिल्यापासूनच मोठं आहे. पाहणाऱ्याला ते संपन्नतेचं लक्षण वाटेल. प्रत्यक्षात ती स्वस्त, जुनी घरं होती आणि त्यांची किंमत वाढलीही फारशी नाही. शिवाय शिलकीतला मोठा हिस्सा मीरपूरला जात होता. धरणाच्या काठी नवं मीरपूर वसलं, तिथे तिमजली कोठ्या उठल्या, त्यांतल्या कित्येक वर्षभर कुलूपबंद. त्या गावाला आज 'लिटल इंग्लंड' म्हणतात. ब्रॅडफर्डमध्ये दुकान टाकायला, मुलाला शिकवायला जे भांडवल वापरता आलं असतं ते सिमेंट-विटांत अडकलं.

आणि मग गिरण्या बंद पडल्या. सत्तर-ऐंशीच्या दशकांत लोकरीच्या धंद्यातल्या हजारो नोकऱ्या गेल्या. मॅनिंगहॅममधली लिस्टरची प्रचंड गिरणी १९९२ मध्ये कायमची थांबली. १८९०-९१ मध्ये याच गिरणीतल्या संपातून ब्रिटनच्या स्वतंत्र मजूर पक्षाची वाट निघाली होती. आज तिच्या इमारतीत फ्लॅट आहेत. चाळिशी-पन्नाशीतला, इंग्रजी न येणारा, एकच काम केलेला माणूस या पडझडीनंतर काय करणार? टॅक्सी, टेकअवे, किराणा दुकान. टॅक्सी हा मीरपुऱ्यांच्या आळसाचा पुरावा म्हणून सांगितला जातो तेव्हा हे आधीचं प्रकरण कोणी वाचलेलं नसतं.

रेल्वे, दुकान आणि नव्वद दिवस

आता दुसरी बाजू. पूर्व आफ्रिकेतले गुजराती म्हणजे युगांडा रेल्वे बांधायला नेलेल्या मजुरांचे वंशज, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. १८९६ ते १९०१ या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत रूळ टाकायला हिंदुस्थानातून सुमारे ३२,००० मजूर करारावर नेले हे खरं. पण ते मुख्यतः पंजाबातले होते. जवळपास अडीच हजार तिथेच मेले, सहा-सात हजार मागे राहिले, बाकीचे परतले. गुजराती गेले ते बहुतांशी स्वतःच्या खर्चाने, व्यापारासाठी. लोहाणा, पाटीदार, खोजा, ओसवाल अशा समाजांतले. कच्छ, काठियावाड आणि मध्य गुजरातेतल्या चरोतर भागातले. रेल्वे जिथे थांबेल तिथे पत्र्याची दुकानं टाकत ते आत सरकले. त्या दुकानाला स्वाहिलीत 'डुका', दुकानदार तो 'डुकावाला'. मुंबई-मोंबासा फेऱ्या करणाऱ्या 'कारंजा' आणि 'कंपाला' या बोटी त्या पिढीतल्या अनेकांच्या बोलण्यात असत.

वसाहतीची रचना त्यांच्या पथ्यावर पडली. वर गोरे, तळाला आफ्रिकी, मध्ये आशियाई. केनियातल्या उंचावरच्या सुपीक जमिनी गोऱ्यांसाठी राखीव, त्यामुळे शेती नाही. पण व्यापार, कापूस पिंजण्याचे कारखाने, सरकारी कारकुनी ही क्षेत्रं मोकळी. कारकुनीत गोव्याचे लोक पुढे होते. केनियाच्या जनगणनेत त्यांचा रकानाही वेगळा असायचा, कारण ते पोर्तुगालचे प्रजाजन. लेस्टर ईस्टमधून १९८७ पासून तीस वर्षांहून अधिक काळ खासदार राहिलेले कीथ वाझ हेही गोव्याच्याच कुटुंबातले, पण एडनमार्गे आलेले. युगांडात मूळजीभाई माधवानी आणि नानजी कालिदास मेहता यांनी ऊस-साखरेची साम्राज्यं उभारली. सगळे माधवानी नव्हते, हेही ध्यानात ठेवायला हवं. दुकानातले मदतनीस, शिंपी, सुतार, शाळामास्तर असा मोठा वर्ग होता. पण तो शहरी होता, हिशेब जाणणारा होता, आणि मुलं इंग्रजी माध्यमाच्या शाळांत केंब्रिजच्या परीक्षा देणारी होती.

स्वातंत्र्यानंतर हवा बदलली. व्यापार मूठभर आशियाईंच्या हातात आणि आफ्रिकी माणूस त्यांच्याकडे नोकर, हे चित्र नव्या सरकारांना मान्य होणं शक्यच नव्हतं, आणि आशियाई समाजही स्वतःच्या कोशात राहिला होता. केनियाने १९६७ मध्ये नागरिक नसलेल्यांवर परवान्यांची बंधनं घातली. ब्रिटिश पासपोर्ट असलेले आशियाई विमानं भरभरून निघाले. लंडनच्या मजूर पक्षाच्या सरकारने मार्च १९६८ च्या पहिल्या दिवशी, तीन दिवसांत संसदेतून पार पाडलेला कायदा करून आपल्याच पासपोर्टधारकांना दार लावलं. ब्रिटनमध्ये जन्मलेला आई-बाप किंवा आजी-आजोबा असेल तरच मुक्त प्रवेश. गोऱ्यांना वाट मोकळी राहील आणि आशियाईंना नाही, हे त्या अटीतच होतं. तरी तोवर केनियातली बरीच कुटुंबं लेस्टरला पोचली होती.

४ ऑगस्ट १९७२ रोजी युगांडाचा लष्करी हुकूमशहा इदी अमीन याने घोषणा केली आणि ब्रिटिश पासपोर्टवाल्या आशियाईंना देश सोडायला नव्वद दिवस दिले. मुदत ८ नोव्हेंबरला संपली. सोबत पन्नासेक पौंड न्यायची परवानगी. रस्त्यावरच्या चौक्यांवर सैनिक तेही लुबाडत. ब्रिटनने सुमारे २८,००० लोकांना घेतलं. सफोकमधल्या स्ट्रॅडिशॉलसारख्या रिकाम्या लष्करी तळांवर छावण्या उघडल्या. पुनर्वसन मंडळाने देशाचे 'लाल' आणि 'हिरवे' भाग पाडले : लाल भागांत आधीच गर्दी, तिकडे जाऊ नका. लेस्टर लाल होतं. लेस्टरच्या नगरपालिकेने तर १५ सप्टेंबरला 'युगांडा आर्गस' या कंपालाच्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली की आमच्याकडे घरं, शाळा, दवाखाने सगळं भरलेलं आहे, तुमच्या हितासाठी इथे येऊ नका. हजारो लोक तरीही आले. ज्यांनी लेस्टरचं नाव ऐकलं नव्हतं त्यांनीही ते जाहिरातीत वाचलं, असा विनोद तिथे सांगतात. खरं कारण साधं होतं : केनियावाले नातेवाईक तिथे होते, आणि गावात काम होतं.

लेस्टरचं नशीब

लेस्टर एका धंद्यावर उभं नव्हतं. मोजे आणि विणलेले कपडे, पादत्राणं, त्यांची यंत्रं बनवणारे कारखाने, इतर अभियांत्रिकी. होजियरीत बायकांना काम होतं, आणि गुजराती बायका त्या कामाला गेल्या. आफ्रिकेत ज्यांनी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं त्याही गेल्या, कारण गमावलेल्या घराची भरपाई एका पगारात होणार नव्हती. घरात दोन पगार, कधी मुलाचा धरून तीन. माझ्या लेखी दोन समाजांच्या आर्थिक फरकाचं सर्वांत मोठं एकच कारण सांगायचं झालं तर ते हे आहे. आजही दोन्ही गटांच्या रोजगारातली तफावत मुख्यतः स्त्रियांच्या रोजगारातली आहे.

दुसरं कारण : गुजरात्यांना परत जायला जागा नव्हती. कंपालातलं घर सरकारजमा झालेलं, मूळ गाव दोन पिढ्यांपूर्वी सुटलेलं. मीरपुऱ्यांचा पैसा जसा गावी गेला तसा यांचा कुठे जाणार? तो लेस्टरच्याच बेलग्रेव्ह रोडवर पडला. गोरे दुकानदार सोडून जात होते, गाळे स्वस्त होते. साडीची, सोन्याची, मिठाईची दुकानं निघाली. १९८३ पासून त्या रस्त्यावर दिवाळीची रोषणाई अधिकृतपणे होऊ लागली. तिसरं कारण, कुटुंबं एकदमच आली. आजी, आई, वडील, शाळेतली मुलं, सगळे एकाच विमानाने. मुलं पहिल्या दिवसापासून इंग्रजी शाळेत. ब्रॅडफर्डमध्ये बाप आणि कुटुंब यांच्यात दहा-पंधरा वर्षांचं अंतर पडलं होतं, आणि पुढे मीरपूरमधल्या चुलत-मामे भावंडांशी लग्नं होत राहिल्याने पुढच्या पिढीतही आई किंवा वडील नव्याने आलेले, इंग्रजी नव्याने शिकणारे. दर पिढी निम्मी पहिलीच पिढी.

पण लेस्टरची कथा जितकी गोड करून सांगतात तितकी ती नव्हती. कंपालात दुकानाचा मालक असलेला माणूस इथे यंत्रावर उभा राहिला. मे १९७४ मध्ये इंपीरियल टाइपरायटर्सच्या कारखान्यातल्या आशियाई कामगारांनी संप केला. बोनस १६८ नगांनंतर द्यायचा ठरलेला असताना त्यांच्याकडून २०० मागितले जात होते. कामगार संघटनेने पाठिंबा नाकारला. संप सुमारे तीन महिने चालला आणि पुढच्या वर्षी अमेरिकन मालकांनी कारखानाच बंद केला. त्याआधी १९७२ मध्ये जवळच्या लफबरोत मॅन्सफील्ड होजियरी मिल्समध्ये, चांगल्या पगाराची विणकामाची जागा आशियाईंना देत नाहीत म्हणून संप झाला होता. लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यातल्या गाजलेल्या संपाचं नेतृत्व करणाऱ्या जयाबेन देसाई याच वर्गातल्या, टांझानियामार्गे आलेल्या. आणि १९७६ च्या लेस्टर पालिका निवडणुकीत वंशवादी नॅशनल फ्रंटला सुमारे १८ टक्के मतं पडली होती. 'आदर्श निर्वासित' ही उपाधी पुष्कळ नंतरची. पुष्कळांनी दुकान टाकलं ते उद्योजकतेच्या उर्मीपेक्षा, कारखान्यात बढती मिळणार नाही हे कळल्यामुळे.

उलट बाजूने पाहिलं तर राजकारणात मीरपुरी आधी पुढे गेले. बिरादरीचं जाळं मतदानात उपयोगी पडतं. मीरपूरमध्येच जन्मलेले मोहम्मद अजीब १९८५ मध्ये ब्रॅडफर्डचे लॉर्ड मेयर झाले. आशियाई माणसाला तो मान तिथे प्रथमच मिळाला. सत्तेच्या या वाट्याने रोजगार आला नाही ही गोष्ट वेगळी. जुलै २००१ च्या दंगलीत पोलीस आणि मीरपुरी तरुण समोरासमोर आले, तीनशेहून अधिक पोलीस जखमी झाले, पुढे दोनशेच्या आसपास लोकांना तुरुंगवास झाला. त्यांतल्या काहींना त्यांच्या आईवडिलांनीच पोलिसांच्या हवाली केलं होतं. पंचवीस वर्षांपूर्वी रात्रपाळी करणाऱ्या त्या बापांना कायद्यावर फार विश्वास होता, आणि मुलांना मिळालेल्या कडक शिक्षा पाहून तो हादरला.

रक्त आणि धर्म तपासून पाहिले तर

हे सगळं सांगूनही कोणी म्हणेल, अखेर गुजराती ते गुजराती. त्यासाठी इंग्लंडातच दोन-तीन उदाहरणं आहेत, आणि माझ्या मते ती निर्णायक आहेत.

पहिलं लँकशरमधलं. ब्लॅकबर्न, बोल्टन, प्रेस्टन आणि यॉर्कशरमधलं बॅटली-ड्यूसबरी इथे भरूच-सुरत भागातले गुजराती मुसलमान साठच्या दशकात आले. थेट गावातून, एकटे पुरुष, कापडगिरण्यांत. भाषा गुजराती, पण वाट मीरपुऱ्यांची. गिरण्या पडल्यावर त्यांचंही तेच झालं : जुन्या घरांच्या रांगा, टॅक्सी, दुकानं, बायकांचा रोजगार कमी. गुजराती असणं तिथे कामाला आलं नाही. यावर 'म्हणजे धर्मच कारण' असं उत्तर येतं. तर मग युगांडातून आलेले इस्माइली खोजे पाहा. तेही मुसलमान, पण त्यांची वाटचाल लेस्टरच्या लोहाणा-पाटीदारांसारखी, किंबहुना जास्तच वेगवान. कॅनडात गेलेल्यांची तर विशेष. मलावी आणि केनियातून आलेले गुजराती सुन्नी लेस्टरमध्येच हायफील्ड्स भागात आहेत आणि ब्लॅकबर्नच्या आपल्या भाऊबंदांपेक्षा बऱ्या स्थितीत आहेत. लंडन परिसरात वाढलेली पाकिस्तानी मुलंही उत्तरेतल्या गिरणीगावांतल्या मुलांपेक्षा शाळेत पुढे दिसतात.

शेवटचं उदाहरण पुन्हा लेस्टरचं, आणि ते आपल्या किनाऱ्याशी जोडलेलं आहे. गोवा, दमण आणि दीवमध्ये डिसेंबर १९६१ पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालचं नागरिकत्व मिळू शकतं. युरोपीय संघाच्या नियमांमुळे तो पासपोर्ट ब्रिटनमध्ये कामाला चालत होता. गोव्याचे हजारो लोक या वाटेने दक्षिण इंग्लंडातल्या स्विंडनला गेले. दमण आणि दीवचे गुजराती भाषक लेस्टरला. भाषा तीच, देवळं तीच, रस्ताही तोच बेलग्रेव्हचा. पण शिक्षण कमी, इंग्रजी नाही, आणि होजियरीचे मोठे कारखाने जाऊन त्यांच्या जागी उरलेल्या छोट्या शिलाईखोल्या. २०२० च्या टाळेबंदीत लेस्टरच्या या खोल्यांमध्ये तासाला साडेतीन पौंडांवर काम चालतं असं उघड झालं, तेव्हा कायद्याने किमान वेतन ८.७२ पौंड होतं. त्या खोल्यांच्या मालकांत आणि ठेकेदारांतही आशियाई होते.

ब्रेक्झिटची संक्रमणाची मुदत ३१ डिसेंबर २०२० रोजी संपली. त्याआधी आलेल्यांना जून २०२१ अखेरपर्यंत अर्ज करून राहता येईल अशी सोय होती. त्यानंतर पोर्तुगीज पासपोर्टवर नव्याने कामाला जाण्याची दमण-दीवची वाट बंद झाली.